खुंटीवरचा संशयित

मी सरावाचा कोट बोलतोय. दवाखान्याच्या पुढच्या दाराशी पहारेकऱ्यांची खोली आहे, तिथल्या खुंटीवर माझा मुक्काम. माझ्याकडे फार वेळ बघू नका. माझ्याकडे बघण्यातूनच सगळा घोळ झाला.

मी जाड, मातकट, गुडघ्यापर्यंत लांब. ज्याच्या मापानं शिवलो ते गिऱ्हाईक न्यायलाच आलं नाही. दोन वर्षं दुकानात धूळ खाल्ली. मग मास्तरांनी घेतलं, तेही माझं रूप बघून नाही, खिसे खोल आहेत म्हणून.

मास्तर म्हणजे निवृत्त फौजदार, पहारेकऱ्यांना शिकवायला आलेले. त्यांना बोलावलं ते फोनमुळे. अपघात विभागातल्या एका नर्सला कुणीतरी तीनदा फोन केला होता. माझा भाऊ तुझ्या हातात गेला, आता मी येतोय, एवढंच बोलायचा. त्याचा चेहरा कुणाला ठाऊक नव्हता. ती नर्स म्हणजे दारावरच्या पहारेकरी ताईंची मुलगी. तेव्हापासून ताईंचा डबा उघडायचा आणि तसाच बंद व्हायचा.

मास्तर सांगायचे, चेहरा सोडा, वागणं बघा. नंबर पुकारला तरी कोण उठत नाही? जागा बदलूनही एकाच दारावर नजर कुणाची? कुणाचा हात सारखा एकाच ठिकाणी जातो? मग लिफ्टवाला मला अंगात घालायचा, खिशात लाकडी चाकू ठेवायचा आणि गर्दीत जाऊन बसायचा. पहारेकऱ्यांनी त्याला हुडकायचं.

पहिल्या दिवशी पाव तास लागला. आठवड्याभरात अर्धं मिनिटही लागेना. मास्तरांची छाती फुगली. मी मात्र धसका घेतला. कारण लिफ्टवाला नुसता पेंगत बसला तरी हे लोक त्याला धरत होते. ते हात बघत नव्हते, नजर बघत नव्हते. ते मला बघत होते. ताईसुद्धा. आणि तो फोनवाला काही माझ्यासारखा कोट घालून येणार नव्हता. हे मास्तरांच्या कसं ध्यानात येत नाही, या विचारानं माझं अस्तर आकसायचं.

एका सकाळी तीच नर्स आमच्या खोलीत डोकावली. बाहेर एक आजोबा बसले होते. आजीचं ऑपरेशन चाललेलं, यांच्या अंगात कणकण, हातपाय थरथरत होते. तिनं मला खुंटीवरून काढलं, त्यांच्या अंगावर घातलं आणि कामाला पळाली. मी कशासाठी टांगलेला असतो, हे तिला काय ठाऊक! खिशातला लाकडी चाकूही तसाच राहिला.

आजोबांचं काळीज माझ्या अस्तराला लागून धडधडत होतं. त्यांना एकच भीती, ऑपरेशनची. मला दुसरीच होती. कारण नंबर पुकारले जात होते आणि आजोबा उठत नव्हते. नजर ऑपरेशनच्या दारावर खिळलेली. मग ऊब मिळावी म्हणून त्यांनी हात खिशात घातला.

ताई पहिल्या धावल्या. मागून दोघे आले. आजोबा फरशीवर पालथे, ताईंचा गुडघा त्यांच्या पाठीवर. कुणीतरी खिशातला चाकू ओढून काढला आणि हॉलमध्ये किंकाळी उठली. जो तो उठून आमच्याकडे बघायला लागला.

फरशीवरून मला नुसत्या चपला न् बूट दिसत होते. सगळे आमच्या दिशेनं वळलेले. एक बुटांची जोडी तेवढी वळली नव्हती. ती शांतपणे अपघात विभागाकडे चालली होती. मी भीतीनं गोठलो. मला दिसत होतं आणि सांगता येत नव्हतं.

आजोबांनाही ते दिसलं. गाल फरशीला चिकटलेला, दम लागलेला, तरी बोलले.

"मला धरून ठेवा, ताई, पण तो बघा. सगळे इकडे बघतायत, तो एकटाच बघत नाहीये."

ताईंनी मान वळवली. साधा पांढरा शर्ट, हातात औषधांची पिशवी. पिशवीतला हात बाहेर येत नव्हता. पाठीवरचं ओझं झटकन उतरलं आणि ताईंची धाव मला ऐकू आली. दाराशी झटापट झाली, काहीतरी खणकन पडलं. तो आवाज लाकडाचा नव्हता.

तो धरला गेला, पण ताईंच्या तळहाताला सात टाके पडले. ते घातले त्यांच्या मुलीनंच. आजीचं ऑपरेशनही नीट झालं.

संध्याकाळी ताई मला झटकून, पट्टी बांधलेल्या हातावर घेऊन आजोबांकडे गेल्या. पायांशी वाकल्या. आजोबांच्या गालावर फरशीचा वळ होता आणि ते अजून थरथरत होते. ताई मला त्यांच्या खांद्यावर घालू लागल्या, तसे ते बाकावर मागे सरकले.

"थंडी चालेल मला," ते म्हणाले. "तो नको. तो घातला की माणसं मला बघत नाहीत."

मास्तर आता कोटाशिवाय शिकवतात. रोज एखाद्याला त्याच्याच कपड्यांत गर्दीत बसवतात. पहारेकऱ्यांना पुन्हा पाव तास लागतो आणि मास्तर तेवढा लागू देतात.

मी मात्र इथंच आहे. दार वाजलं की माझी बाही शहारते. आज कुणी कुडकुडत येईल, कुणाला तरी दया येईल आणि माझ्याकडे हात जाईल. मला उसवा, पायपुसणं करा, चालेल. पण कुणाच्या अंगावर घालू नका.