फाटकापाशी अर्धा तास

गाडीतून उतरल्यावर सगुणाने आधारासाठी फाटकाच्या लोखंडी खांबावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. खांबाला आता पिवळा रंग होता. त्यावर कुणीतरी हसरा मासा काढला होता आणि माशाच्या तोंडातून निघालेल्या बुडबुड्यात लिहिलं होतं, 'या, बसा, पोटभर जेवा.'

"आई, चला ना," जावई म्हणाला. "वेदिकाला भूक लागलीय."

"तुम्ही व्हा पुढं. मी आलेच."

हर्षद भला माणूस. बायको अक्षया आणि लहानग्या वेदिकाला घेऊन डोंबिवलीहून नाताळच्या सुट्टीत चार दिवस आला होता, आणि त्यातला एक दिवस तरी सासूने चुलीपुढे बसू नये असं त्याने ठरवलं होतं. रात्री तासभर फोनवर बोट फिरवून त्याने हे हॉटेल शोधलं. लहान मुलांसाठी उंच खुर्च्या आहेत, घसरगुंडी आहे, लोकांनी चांगलं लिहिलंय, असं त्याने सगळ्यांना वाचून दाखवलं. 'सुरंगी' हे नाव ऐकून सगुणा गप्प बसली. नको म्हणावं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण तिने लेकीलाही कधी सांगितलं नव्हतं.

सुरंगी फॅमिली रेस्टॉरंट चार वर्षांपूर्वीपर्यंत सुरंगी परमिट रूम होतं. आजूबाजूला बिल्डिंगा उभ्या राहिल्या, त्यांत बिऱ्हाडं आली, आणि मालक महिपतने दारू बंद करून पोराबाळांचं जेवण सुरू केलं. त्याच्या आधीच्या काळात, वीसेक वर्षांमागे, या फाटकाशी सगुणा पाच पावसाळे उभी राहिली होती.

तिचा नवरा धाकू मिरकरवाड्याच्या ट्रॉलरवर ड्रायव्हर होता. समुद्रात असेपर्यंत माणूस सोन्यासारखा. जूनमध्ये होड्या वर ओढल्या की नारळी पौर्णिमेपर्यंत हाताला काम नाही, मग दिवस कलला की तो घरामागचा कातळाचा सडा ओलांडून सुरंगीत येऊन बसायचा. सगुणा साडेसातपर्यंत कळ काढायची. मग तेव्हा शाळकरी असलेल्या अक्षयाला "दुधाकडं बघ, मी आलेच" सांगून छत्री घेऊन निघायची. सड्याची वाट जवळची, पण कातळ निसरडा आणि दिवा नाही, म्हणून ती रस्त्याने यायची. आत जायची सोय नव्हती. फाटकाच्या दिव्याखाली उभं राहायचं आणि खिडक्यांकडे बघायचं. खिडक्यांना काळ्या काचा. त्यांत तिला छत्रीतली स्वतःच दिसायची. थोड्या वेळाने महिपत डोक्यावर गोणपाट धरून बाहेर यायचा आणि म्हणायचा, "धाकू आत नाय, वहिनी. जावा घरी." ती जायची नाही. तो कुठे बसतो हे अख्ख्या वाडीला माहीत होतं आणि हा मेला तोंडावर खोटं बोलतो, या रागाने ती आणखी अर्धा तास तिथेच उभी राहायची. घरी परत यावं तर धाकू भिंतीकडे तोंड करून झोपलेला. आपण वळलो की महिपत आत सांगतो, मग हा उठतो आणि सड्यावरून पळत आपल्या आधी घरी पोचतो, असा तिने त्याचा अर्थ लावला होता. तिने विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. पुढे डॉक्टरांनी दम भरला आणि त्याने दारू सोडली.

त्याला जाऊनही सहा वर्षं झाली. दारूबद्दल सगुणाने त्याला केव्हाच माफ केलं होतं. एका गोष्टीबद्दल मात्र नाही, आणि ती गोष्ट घडली होती की नाही हेच तिला माहीत नव्हतं. त्या काळ्या काचांतून आतल्या माणसाला बाहेरचं दिसायचं का? दिसत असेल, तर तिचा नवरा ग्लास हातात धरून तिला अर्धा अर्धा तास भिजताना बघत बसला होता. रोज सकाळी त्याच्या फोटोला फूल वाहताना हा प्रश्न मध्ये यायचा. याचं उत्तर देऊ शकेल असा जगात एकच माणूस उरला होता आणि तो आत गल्ल्यावर बसला होता.

आत सगळाच उजेड होता. पूर्वी जिथे पुरुषांची टेबलं असतील तिथे निळी घसरगुंडी होती. हात धुवायचं एक बेसिन गुडघ्याएवढ्या उंचीवर बसवलं होतं. भिंतीवर ठळक पाटी होती, 'येथे मद्यपान करण्यास सक्त मनाई आहे.' ती वाचून सगुणाला इतक्या ताणातही हसू आलं. ही पाटी वीस वर्षं आधी लागली असती तर तिच्या दोन-तीन छत्र्या तरी वाचल्या असत्या.

महिपतने तिला लगेच ओळखलं. त्याचे केस काळे केलेले, डोळ्यांना जाड चष्मा, पण चाल तीच. तो गल्ला सोडून आला.

"वहिनी. या, या. हिकडं खिडकीशी बसा, वारा हाय."

"ओळख आहे वाटतं?" हर्षदने विचारलं.

"तर. धाकू आमचा दोस्त व्हता," महिपत म्हणाला आणि वेदिकासाठी उंच खुर्ची आणायला स्वतःच गेला.

खिडकीला आता साधी, स्वच्छ काच होती. सगुणाने बसल्या बसल्या बाहेर पाहिलं. फाटक समोरच होतं, त्याच्यापलीकडे रस्त्याचं वळणही दिसत होतं.

जेवण आलं. सुरमईची तळलेली तुकडी, तिसऱ्यांच्या शिंपल्यांचं सुकं, तांदळाची भाकरी, सोलकढी. वेदिकाला छोट्या ताटलीत वरणभात आणि बटाट्याच्या काचऱ्या. तिने दोन घास खाल्ले आणि घसरगुंडीचा हट्ट धरला, तेव्हा हर्षद तिला घेऊन उठला. टेबलावर मायलेकी राहिल्या. सगुणा भाकरीचा तुकडा मोडायची आणि ताटाच्या कडेला ठेवायची. असे चार-पाच तुकडे जमले.

"आई, जेवत का नाहीयेस? मासा ताजा नाही का?"

"ताजा हाय गो. जेवतेय."

तेवढ्यात महिपत टेबलाशी आला. "काय कमी नाय ना, वहिनी?"

सगुणाने लेकीसमोर विचारायचं ठरवलं नव्हतं. पण तो परत गल्ल्याकडे वळला असता तर तिचं धाडस पुन्हा झालं नसतं.

"शेट, पूर्वी हितं काळ्या काचा व्हत्या."

"व्हत्या. सगळ्या काढल्या. फॅमिलीला उजेड लागतो."

"त्यातनं भायरचं दिसायचं?"

महिपत खांद्यावरचा नॅपकिन काढून उगाच हात पुसायला लागला. तीस वर्षं धंद्यात काढलेला माणूस, समोरच्याला काय ऐकायचंय ते त्याला न सांगता कळत असणार. सगुणाला वाटलं, हा आता नाही म्हणेल. तिला तेच हवं होतं, आणि तो तसं म्हणाला असता तर तिचा विश्वासही बसला नसता.

"दिसायचं," महिपत म्हणाला. "आत अंधारच असायचा, भायर दिवे. पार वळणापर्यंत."

सगुणाने हातातला तुकडा खाली ठेवला.

"म्हणजे मी दिसायचे त्याला."

"दिसायचात ना. वळणावर तुमची छत्री दिसली की ग्लास ठेवून उठायचा. अर्धा असू दे, नायतर भरलेला. भटारखान्यातनं मागच्या दारानं भायर, तिथनं फणसाखालनं सड्याला. तुम्ही फाटकाशी पोचायच्या आधी तो निम्म्या वाटंवर."

"आणि तुम्ही मला सांगायचात, आत नाय."

"नव्हताच आत."

सगुणाने खिडकीतून फाटकाकडे पाहिलं, मग भटारखान्याच्या पडद्याकडे. पंखा फिरत होता, घसरगुंडीकडून वेदिकाचं हसणं येत होतं.

"मला वाटायचं, खोटं बोलतायत."

"म्हाईत हाय मला. तोंडावर दिसायचं तुमच्या."

"मग मागच्या दारानं गेला, एवढं बोलायला काय झालं व्हतं?"

"शपथ घातलीन व्हती ना त्यानं," महिपत म्हणाला. "एकदा म्हणालान, ती दारात उभी आणि मी डुलत भायर येतोय, हे चार लोकांनी बघितलं तर तिनं वाडीत तोंड कसं दाखवायचं? आणि मागनं पळालो हे तिला कळलं तर मी कसं दाखवायचं?"

पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी हाक मारली आणि तो गेला. सगुणाचा जीव भांड्यात पडायला आला होता, पण पडत नव्हता. हॉटेलवाला माणूस. रविवारची गिऱ्हाईकं बसलेली, समोर दोस्ताची विधवा. गोड बोलायला त्याचं काय जातं? गेलेल्या माणसाबद्दल सगळेच चांगलं बोलतात.

अक्षया माशातला काटा काढता काढता थांबली होती.

"म्हणजे तू इथे यायचीस?"

"मग कुठं जाणार?"

"मला वाटायचं, भजनाला वगैरे जातेस. तू सांगितलंच नाहीस कधी." तिने काटा ताटाच्या कडेला ठेवला. "पण ते बोलले ते खरं असणार. तू गेलीस की माझं शुद्धलेखन लिहून होतंय तोवर बाबा घरात असायचे."

"कधी?"

"रोज. पाय धुवायचे, चुलीवरचं दूध उतरवायचे आणि माझे पाढे घ्यायला बसायचे. तोंडाला वास यायचा, पण पाढे नेमाने घ्यायचे. तेराचा पाढा मला त्यांनीच शिकवला. चुकीचा शिकवला होता, शाळेत बाईंनी छडी दिली मला." ती हसली. "तू ओटीवर छत्री झटकलीस की लगेच पांघरुणात शिरायचे आणि भिंतीकडे तोंड करायचे. मला सांगून ठेवलं होतं, मी कधी आलो ते आईला बोलायचं नाही. मला मज्जा वाटायची."

"आणि तू नाय बोललीस. वीस वर्षं."

"तू विचारलंस कधी?"

सगुणाने पदर तोंडाला लावला. अक्षयाला वाटलं आई रडतेय, म्हणून तिने घाईघाईने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. पण सगुणा हसत होती, आवाज न करता, खांदे हलेपर्यंत. इकडे ही पावसात पाय रोवून नवऱ्याला धडा शिकवत उभी, आणि तिकडे तो घरात बसून लेकीला तेराचा पाढा चुकीचा शिकवतोय. मग हसता हसता डोळे भरले, ते तिने तसेच राहू दिले. इतकी वर्षं छातीवर ठेवलेलं काहीतरी उतरलं होतं आणि तिला मोकळा श्वास घेता येत होता. वाईट एवढंच वाटलं, की एखाद्या दिवशी तरी महिपतचं खरं मानून तशीच मागे फिरायला हवं होतं. तिघंही घरात असती. दूधही तिघांनी मिळून प्यायलं असतं.

"आई?"

"काय नाय गो. ती सुरमई दे हिकडं. गार झाली."

ती जेवली. कडेला ठेवलेले भाकरीचे तुकडे आधी संपवले, मग दुसरी भाकरी मागवली. सोलकढीची वाटी तोंडाला लावून रिकामी केली आणि अजून एक आणायला सांगितली. हर्षद घसरगुंडीवरून परत आला तर सासू तिसऱ्यांच्या शिंपा चोखत बसलेली. आपली निवड चुकली नाही हे बघून तो खूश झाला, आणि फोनवर आपणही चांगले चार शब्द लिहायचे असं त्याने बोलून दाखवलं.

निघताना सगुणा म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं. मी हात धुऊन येते."

हात धुऊन ती गल्ल्याशी आली.

"भावजी, ते मागचं दार अजून हाय?"

महिपतने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मग काही न विचारता भटारखान्याचा पडदा बाजूला धरला. "हाय की. जावा."

आत दोन बायका भाकऱ्या भाजत होत्या, त्यांनी सरकून वाट दिली. दार बुटकं होतं. तीन पायऱ्या, धुतलेल्या पातेल्यांची उतरंड, गॅसचे सिलिंडर, आणि फणस. फणसापलीकडे सड्याची वाट आता नव्हती, तिथे एका बिल्डिंगचं कुंपण आलं होतं. सगुणा कुंपणापर्यंत गेली. इथून घराकडे उतार होता. पावसात, अर्धवट नशेत, एवढा कातळ तो रोज धावत उतरायचा म्हणजे पडलाही असेल कधी. गुडघे फुटलेले तिने पाहिले होते, आणि त्यावरूनही त्याला बोलली होती.

ती हॉटेलच्या भिंतीच्या कडेने वळसा घालून पुढच्या अंगाला आली. कोपऱ्यावरून फाटक दिसत होतं. अक्षया आणि हर्षद तिथे तिची वाट बघत उभे होते. वेदिका बापाच्या खांद्यावर पेंगुळली होती. दोघांची तोंडं हॉटेलच्या पुढच्या दाराकडे होती. हर्षदने घड्याळ पाहिलं. अक्षयाने डोळ्यांवर हात धरला, एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला आणि पुन्हा दाराकडे बघायला लागली.

सगुणा क्षणभरच कोपऱ्यावर थांबली.

"अक्षये, मी हिकडं हाय गो," तिने हाक मारली. "उन्हात उभी राहू नको."