मेणाच्या माणसाचं हसू

जावईबापूंचा धंदा मेणाचा. मेणबत्त्या नव्हेत, माणसं. डॉक्टरकीच्या शाळेसाठी असा माणूस घडवायचा, की पोटाचं झाकण उचललं की आतडी, आतडी काढली की खाली मूत्रपिंडं. पोरांनी बघून शिकायचं, मढ्याचा वास नाही की माश्या नाहीत.

पोटाचा साचा मढ्यावरून घेता येतो. तोंडाचं तसं नाही, मेल्यावर गाल बसतात. तिथं जिवंत माणूस लागतो, आणि फुकटात आडवे व्हायला तयार असे एकटे सासरेबुवाच.

नाकात नळ्या, तोंडावर ओलं प्लास्टर.

"हलू नका, बाबा," लेक म्हणाली. "जन्मात पहिल्यांदा गप्प बसलात. हे बघायला आई हवी होती!"

झालं! म्हातारा आतल्या आत हसला, आणि नेमकं तेव्हाच प्लास्टर घट्ट झालं.

पुतळा तयार झाला. पोट उघडं, आणि ओठाच्या कोपऱ्यात हसू. मोठे डॉक्टर भडकले.

"याची आतडी बाहेर आणि हा दात काढतोय? पोरं खिदळतात नुसती. तोंड बदला."

तोवर म्हातारा खंगला होता. पुन्हा आडवा झाला. या खेपेला कुणाला 'हलू नका' म्हणावं लागलं नाही.

नवं तोंड बघून लेकीनं मान फिरवली. "हे द्या तुमच्या डॉक्टरांना. पण पहिलं वितळवलंत तर याद राखा!"

"अगं, मेण शाळेचं. जुनं सगळं परत कढईत जातं. एक कपचा घरी नेता येत नाही."

"मला नका सांगू."

कढई तापली. जावईबापू हसऱ्या तोंडाकडे बघत बसले. मग कढई उतरवली. नवं तोंड आतून कोरून कोरून पातळ केलं, खालचे हसरे गाल मावावेत म्हणून गालांवर बाहेरून जरा मेण चढवलं, आणि पोटावर झाकण बसवतात तसं जुन्यावर बसवून टाकलं.

डॉक्टरांनी चष्मा वर-खाली केला. "गाल फुगलेत जरा."

"आजारी माणूस आहे, साहेब. सूज असायचीच."

"हं. बरोबर." पास!

थंडीत म्हातारा गेला. शाळेतल्या पुतळ्यांच्या काचेच्या पेट्या झाडायचं काम लेकीकडेच होतं. सुतक संपल्यावर ती कामावर आली, पेटी उघडली, धूळ पुसली. मग कानामागं नख घालून वरचं तोंड अलगद उचललं.

"हसा आता," ती म्हणाली. "डॉक्टर जेवायला गेलेत."