सभेचा हातोडा आणि वीत्स्केचा तलाव

मी एक जुना हातोडा आहे. आजवर माझ्याकडून एक खिळाही ठोकला गेलेला नाही, त्यामुळे सुताराच्या पेटीतले माझे भाऊबंद मला आपल्यात धरत नाहीत. मी सभेचा हातोडा. नेदरलँड्सच्या फ्रिसलंड प्रांतातल्या ओल्देवीर गावच्या ग्रामहित मंडळाचा अध्यक्ष मला टेबलावर आपटतो आणि मग गावात काहीतरी ठरते.

मित्रांनो, माझा जन्म वादळामुळे झाला. पाद्रीबाबांच्या परसातले नासपतीचे झाड वादळात आडवे झाले. गावच्या सुताराने त्याच्या बुंध्यातून मला कातले, जवसाचे तेल चोळले आणि मंडळाला भेट दिले. पहिली वर्षे मी अगदी आरामात काढली. सभेत विषय ठरलेले. कोणाच्या कुत्र्याने कोणाच्या दारात घाण केली, आणि चर्चचे घड्याळ मागे का पडते. म्हातारे बोलायला उठले की कॉफी गार होईपर्यंत बसत नसत.

मग एका वसंतात दाउवे नावाचा लहानगा घरामागच्या कालव्यात पडला. आमच्याकडे घरामागे, गोठ्यामागे, शाळेमागे, सगळीकडे पाणीच आहे. टपाल वाटणाऱ्या वीत्स्के रिन्समाला तो दिसला. तिने सायकल टाकून उडी मारली, त्याला बाहेर काढले, पण उशीर झाला होता.

पुढच्या सभेत सगळे हळहळले. "नशीब एकेकाचं," असे म्हणून लोक केकच्या ताटाकडे वळणार, तोच मागच्या रांगेतून वीत्स्के उठली.

"पाणी इथेच राहणार आहे आणि पोरंही इथेच राहणार आहेत. त्यांना पोहायला कोण शिकवणार, बगळे? गावाला तलाव पाहिजे."

तेव्हा त्यालिंग नावाचा गवळी अध्यक्ष होता. तो म्हणाला, "तलाव? का गं, आपल्याकडे पाणी कमी पडतंय?"

लोक पोट धरून हसले. वीत्स्के हसली नाही. "मला तळ दिसणारं पाणी पाहिजे, त्यालिंग. दाउवेला शोधताना मला तळ दिसत नव्हता."

मग हशा थांबला.

त्यानंतर तिने गावाचा असा पिच्छा पुरवला की लोक पत्र घ्यायलाही दार उघडायला भीत. पत्राबरोबर तलावाचा विषय ठरलेलाच. शेवटी गाव फावडी घेऊन उतरले आणि शाळेमागच्या कुरणात तलाव झाला. टपाल वाटून झाले की वीत्स्के स्वतः पाण्यात उभी राहायची आणि एकेका मुलाची हनुवटी हातावर तोलून धरायची. आमच्याकडे मुले शेवटी कपड्यांनिशी, बुटांसकट पोहून दाखवतात, कारण कालव्यात कोणी तयारी करून पडत नाही. त्या दिवशी सगळा गाव काठावर जमायचा. "वाईट नाही," असे लोक म्हणायचे. ओल्देवीरमध्ये याहून मोठी स्तुती अजून कोणाची झालेली नाही.

पुढे तीच अध्यक्ष झाली आणि मी तिच्या हाती आलो. सभांना तिने शिस्त लावली. ज्याला एखाद्या विषयावर बोलायचे असेल त्याने सभेआधी नाव द्यायचे, आणि ज्या विषयावर कोणाचेच नाव नाही तो चर्चेविना एका ठोक्यात मंजूर करायचा. कुत्र्यांची पुराणे बंद झाली. पण ठोका देण्याआधी ती मला उचलून थांबत असे आणि प्रत्येक रांगेकडे बघत असे. एखादा बुजरा शेतकरी टोपी चोळताना दिसला की म्हणायची, "बोल, नाव मी लिहिते." तिच्या हातात मला वजन वाटत असे ते या थांबण्याचे. माझे आयुष्य कारणी लागले ते तेवढ्याच वर्षांत.

माणूस म्हातारा होतो. वीत्स्केचे खुब्याचे हाड मोडले आणि तिने मला योरितच्या हाती सोपवले. योरित तिच्याच तलावात शिकलेला. बूट घालून पोहताना रडला होता तोच. आता तो घरांच्या खरेदी-विक्रीत होता आणि बोलायला मिठ्ठास. त्या दिवशी टाळ्या झाल्या, फुलांचा गुच्छ झाला. "वीत्स्केमावशी, तुमचा वसा मी चालवीन," असे तो म्हणाला आणि लोकांना ते खरे वाटले. मलाही वाटले.

काही वर्षांनी तलावाचा पंप थकला. शहरात घसरगुंडीवाला बंदिस्त तलाव झाला होता आणि आईबाप मुलांना मोटारीने तिकडे नेऊ लागले होते. सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर विषय आला: तलाव बुजवून त्या जागी सुट्टीला येणाऱ्यांसाठी घरे. विषयावर एकही नाव नव्हते.

सभेआधी कॉफीच्या टेबलापाशी जो तो वीत्स्केचा हात दाबत होता. "असं कसं बुजवतील? आम्ही आहोत ना."

त्यालिंग आता पार वाकला होता. तो म्हणाला, "तू नाव दिलंस का?"

"मी कशाला देऊ? ज्यांची पोरं आहेत त्यांनी बोलावं. मी बोलले की म्हणतील, म्हातारीची खुर्ची सुटत नाही. आणि हे सगळे आहेत ना."

"हे सगळे? अगं, यांना तू नीट ओळखत नाहीस. यांच्या दारात नुसती पत्रं टाकलीस जन्मभर."

विषय आला. योरितने मला उचलले. "कोणाला काही म्हणायचं आहे?" हे विचारताना तो माझ्याकडे बघत होता, रांगांकडे नाही. सगळा गाव मूग गिळून कपात बघत बसला. कपडे-बूट घालून पोहलेली ती सगळी माणसे, एकेकाची हनुवटी तिने हातावर धरलेली.

तेव्हा वीत्स्केने हात वर केला.

"वीत्स्केमावशी," योरित गोड हसला, "तुमचं नाव कुठे आहे? नियम तर तुमचाच."

दोघे-तिघे हसले. ते हसू मी अजून विसरलो नाही. मग मी टेबलावर आदळलो. हातोड्याला स्वतःचा हात नसतो, मित्रांनो. ज्याच्या हाती गेला त्याचा तो झाला.

ती काठी टेकत निघून गेली आणि पुन्हा कधी सभेला आली नाही. उन्हाळ्यात ती कालव्यात कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून शेजारच्या दोन मुलींना दोरी बांधून शिकवते, असे मी सभेत ऐकले. पाहुण्यांना ते बरे दिसत नाही म्हणून मंडळाने तिथे 'पोहण्यास मनाई' असा फलक लावला. त्या हिवाळ्यात वीत्स्के गेली.

मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात. आमच्याकडे म्हशी नाहीत, पण दूध तसेच वाहिले. सभा उभी राहिली, डोळे पुसले गेले. योरित म्हणाला की अशी बाई पुन्हा होणे नाही, आणि मंडळाची इच्छा आहे की नव्या घरांमधल्या रस्त्याला वीत्स्के रिन्समा यांचे नाव द्यावे.

"कोणाला काही म्हणायचं आहे?"

त्यालिंग तेवढा उठला. "हो. माझं नाव यादीत नाही, तरी बोलतो. त्या रस्त्याखाली तिचा तलाव आहे."

"बसा काका," कोणीतरी म्हणाले, "चांगल्या कामात मोडता घालू नका."

मित्रांनो, मला पुसा, तेल लावा, असले काही मी मागणार नाही. मी पुष्कळ टिकेन. तुमच्या गावात जन्मभर राबणारे एखादे माणूस असेल तर ते जिवंत आहे तोवर त्याच्या बाजूने एकदा उठा, कप खाली ठेवा आणि बोला. नंतर रस्ते पुष्कळ निघतात.

त्यालिंग बसला. योरितने मला उचलले आणि मी टेबलावर आदळलो. माझ्या ठोक्यावर पहिल्यांदाच सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.