द्वारदर्शन नाही

“नानी गेल्यावर तुला कसं वाटलं, ते या कागदावर काढ,” असं म्हणून मी रंगपेटी पुढे सरकवली. कहकशाने ती उघडली, रंग बघितले, झाकण लावलं आणि पेटी माझ्याकडे परत सरकवली.

सातवीतली मुलगी. तिची नानी महिन्यापूर्वी वारली होती, म्हणून वर्गशिक्षिकेने तिला माझ्याकडे पाठवलं होतं. मी शिंदखेड्याच्या सरकारी दवाखान्यात समुपदेशक आहे. पंधरा वर्षं नर्स होते, मग सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेतलं आणि एका खोलीत टेबल मांडून बसले. मुलांची परीक्षेची धास्ती, म्हाताऱ्यांची उडालेली झोप, नुकतीच दारू सोडलेल्यांचा संताप, सगळं त्या टेबलावर येतं. आठवड्यातून एकदा शाळांतही जाते. लोक मला मनाच्या मॅडम म्हणतात, आणि मला ते आवडायचं.

“मॅडम, आमच्या घरी तीन दिवस सगळ्या रडल्या,” कहकशा म्हणाली. “मी पण. मग खाला बोलली, आता बस, उठा, पोरांना जेवायला घाला. मग बस झालं.”

आता कसं वाटतं, असं मी विचारलं. पुस्तकात पुढचा प्रश्न तोच असतो.

“आठवण येते. पण जेवण जातं.”

बाहेर खेळाचा तास सुरू झाला होता आणि तिचं अर्धं लक्ष तिकडे होतं. मी तिला सोडून दिलं. तिला माझी काहीच गरज नव्हती.

धुळ्याच्या बसमध्ये बसले तरी ते ‘जेवण जातं’ डोक्यातून जाईना. कारण माझ्या घरात एक बाई होती, तिला जेवण जात नव्हतं. माझी वहिनी, प्रमिला.

आठ महिन्यांपूर्वी छगनभाऊ गेला. गावात त्याची पिठाची गिरणी होती. भर दुपारी गिरणी चालू करता करता तिथेच कोसळला. मला आईपेक्षा जास्त त्यानेच वाढवलं. नर्सिंगला त्यानेच पाठवलं. निरोप मिळाला तशी मी गावी पोचले, आणि पोचल्यापासून एक थेंबही न गाळता सगळं घर हातात घेतलं. मी शिकलेली होते ना.

आमच्याकडे माणूस गेलं की दहा-बारा दिवस बाया दारावर येतात, द्वारदर्शन म्हणतात त्याला. गल्लीच्या तोंडापासूनच त्यांचा सूर लागतो. घरातली बाई आतून ओ दिल्यासारखी रडते. मग गळ्यात पडणं, गेलेल्याच्या एकेका गोष्टीची आठवण काढणं. हे झालं की कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढे करतं, डोळे पुसले जातात आणि कापसाच्या, सुनांच्या गप्पा निघतात. तासाभराने दुसऱ्या गावच्या बाया. पुन्हा तेच.

पहिल्या दिवशी वहिनी सहा वेळा रडली. तिचा आवाज बसला, रक्तदाब वाढला. मला ते बघवेना. जखमेवर धरलेली खपली रोज सहा वेळा काढायची, ही कुठली रीत, असं मला वाटलं. माझ्या टिपणांच्या वहीत तर दुःखी माणसाला शांत वातावरण द्यावं, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. ते माझ्याच अक्षरात होतं, त्यामुळे शंका घेण्याचा प्रश्नच नव्हता.

मी भाच्याला, भूपेंद्रला, भाऊबंदांच्या ग्रुपवर संदेश टाकायला सांगितला. द्वारदर्शन ठेवलेले नाही. कुटुंबीयांना विश्रांतीची गरज आहे. कृपया भेटी टाळाव्यात.

“आत्या, गावात बरं दिसेल का?” त्याने विचारलं. मी म्हटलं, तुझ्या आईला वाचवायचंय की गावाला?

तरी काही जणी आल्याच. मी ओट्यावर खुर्ची टाकून बसले. येणाऱ्या प्रत्येकीला थोपवायचं, चहा द्यायचा, हळू आवाजात सांगायचं की वहिनीसमोर रडू नका. भागाबाई काकू ऐंशीच्या. नातवाच्या मोटारसायकलवर मागे बसून तीन कोस आल्या होत्या. त्यांच्याही हातात मी कप दिला.

“मना छगन गया,” काकू म्हणाल्या, “आनि तू माले चहा पाजस? रडनं काय बिमारी शे का वं?”

कप तसाच ओट्यावर ठेवून त्या निघून गेल्या. त्यानंतर कुणी आलं नाही. घर अगदी शांत झालं. वहिनी आत भिंतीला टेकून बसायची आणि गल्लीत पावलं वाजली की मान वर करायची. ती माणसांच्या आवाजाला दचकते, असा मी त्याचा अर्थ लावला. देवाने मला डोळे दिले आणि मी त्यांना चष्मा वहीचा लावला.

गंधमुक्ती होऊन सुतक फिटल्यावर तिला मी धुळ्यात, देवपूरला माझ्या घरी आणलं. इथे तर सगळं माझ्याच हातात. सकाळी श्वासाचे व्यायाम, संध्याकाळी पांझरा नदीच्या काठाने फिरणं, रोज दोन ओळी वहीत लिहिणं. वहिनीने कशालाच नाही म्हटलं नाही. माझ्याकडे तिच्याइतका शहाणा पेशंट कधी आला नव्हता. वहीत रोज लिहायची, ‘आज बरे आहे.’ भाऊबद्दल बोल, असं मी कितीदा तरी म्हटलं. “काय बोलनं आते. बरं शे,” म्हणायची आणि लसूण सोलायला घ्यायची. आठ महिन्यांत तिचं अकरा किलो वजन उतरलं.

त्या दिवशी कहकशाच्या शाळेतून घरी पोचले तर दाराला कुलूप. मागच्या गल्लीतले भिकन टेलर सकाळी वारले, वहिनी दुपारपासून तिथेच आहे, असं शेजारणीने सांगितलं. मला नवल वाटलं. वहिनीची त्यांच्याशी ओळखसुद्धा नव्हती.

वळणावरूनच आवाज ऐकू आला. तो सूर मी लहानपणापासून ऐकला होता, पण वहिनीचा म्हणून ओळखायला मला त्या दारापर्यंत जावं लागलं. बाया दाटीने बसल्या होत्या. मध्ये वहिनी, भिकन टेलरांच्या बायकोच्या गळ्यात हात टाकून.

“ताट वाढेल व्हतं वं माय. दोन घास खादात नि उठनात. दयन लई बाई उभी शे, आलोच म्हने. मी ताट झाकी ठेयेल व्हतं. इतला मानूस घरम्हा उना, कोन जाने कोनी घासी टाकं.”

मी घासलं होतं. गावी पोचल्या पोचल्या, काहीतरी मदत करावी म्हणून, स्वयंपाकघरातली सगळी खरकटी भांडी, दळणासाठी भाऊ अर्ध्यावर सोडून उठला ते झाकलेलं ताटसुद्धा, मी घासून पालथी घातली होती. आठ महिने मी तिच्याकडून बोलणं काढत होते आणि या ताटाचं तिने मला एका शब्दाने सांगितलं नव्हतं. ते तिने एका परक्या बाईला सांगितलं, आणि ती बाई हुंदके देत “हा वं माय, हा,” म्हणत होती.

दाराशी बसलेल्या एकीने सरकून मला जागा दिली. ही बाई भिकनभाऊंची कोण, असं तिने हळूच विचारलं. मी म्हटलं, कुणी नाही, माझी वहिनी आहे, माझा भाऊ गेला. कधी, म्हणाली. मी सांगितलं. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. माझे डोळे मात्र कोरडेच राहिले. मला त्या क्षणी स्वतःची फार लाज वाटली.

तेवढ्यात वहिनीने मला पाहिलं, आणि सूर मध्येच तुटला. तिने घाईने पदराने तोंड पुसलं, डोक्यावरचा पदर नीट केला.

“आशीच उनू मी,” ती म्हणाली. “रडनू नही जास्त.”

चोरी पकडली गेल्यावर लहान मूल बोलतं तसं ती बोलली. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी बाई.

“बस ना वहिनी,” मी म्हटलं. “रड. मी काही म्हणत नाही.”

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

“आते रडू नही येत वं,” ती म्हणाली, आणि भिकन टेलरांच्या बायकोसाठी पाणी आणायला आत गेली.