शर्मिलाच्या बोटाचं माप

गिरजाबाई भाताचं पाणी बोटाच्या पेराने मोजतात, आणि त्यांचा भात कधी गिचका होत नाही. त्यांची लेक शर्मिला महाप्याच्या एका कंपनीत गेमिंग कॉम्प्युटरचे मदरबोर्ड आखते. बोर्डावर काय कुठे बसवायचं, हे ती ठरवते. वळण आईचंच! जाडजूड ग्राफिक्स कार्ड खाचेत बसलं की एक इवलासा खटका त्याला धरून ठेवतो. तो दाबल्याशिवाय कार्ड निघत नाही. कार्डाच्या कडेने खटक्यापर्यंत बोट जायला फट किती ठेवायची? शर्मिलाने स्वतःची तर्जनी घालून पाहिली. सुळकन आत गेली. झालं, फट पक्की!

बाकी आखणी देखणी होती, हे मान्य करायलाच हवं. रंगीत दिवे कडेने, मध्ये कुठे दाटी नाही. कित्येक महिने ती त्यावर राबली होती, आणि आज गिऱ्हाईक कंपनीच्या वैशाली मॅडम एकुलता एक नमुना पसंत करायला येणार होत्या.

त्याआधी हरेश सरांना कार्ड काढून बघायची हुक्की आली. हे शर्मिलाचे साहेब. स्वभावाने लोणी, पण बोटं म्हणजे राजेळी केळी. त्यांनी तर्जनी फटीत रेटली. गेली कशीबशी. बाहेर मात्र येईना.

“शर्मिला, अडकलं यार!”

खरं तर तिला काळजी बोटाची वाटायला हवी होती. वाटली बोर्डाची.

“सर, ओढू नका ना! तुटेल!”

“काय तुटेल? बोट की बोर्ड?”

उत्तर द्यायची वेळच आली नाही, कारण दारात वैशाली मॅडम उभ्या होत्या. सरांनी तोंडावर हसू आणलं आणि मोकळ्या हाताने माहिती द्यायला सुरुवात केली. “या मॅडम, या! हा प्रोसेसर, ही मेमरी...” दुसरा हात जागचा हलत नव्हता. कपाळ घामाने डबडबलं होतं.

“छान,” मॅडम म्हणाल्या. “आता कार्ड काढून दाखवा.”

सर शर्मिलाकडे बघू लागले आणि शर्मिला बोर्डाकडे. एवढी मेहनत, आणि आजच! तिला रडूच येत होतं. पण सरांचं बोट जांभळं पडत चाललं होतं, आणि तीही काही दगडाची नव्हती. तिने स्क्रूड्रायव्हर उचलला.

“मॅडम, सरांचं बोट अडकलंय. फट मी माझ्या बोटाने मोजली, आई भाताचं पाणी मोजते तशी. चूक माझी.”

आणि तिने खटकाच मोडला. कार्ड सुटलं, बोट सुटलं, नमुना बाद झाला.

मॅडमनी आपल्या अंगठ्यांनी भरलेल्या गुबगुबीत हाताकडे पाहिलं आणि तो हळूच पर्समागे नेला. “बाकी आखणी आवडली मला. फट तेवढी बदला.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच शर्मिला मोजपट्टी घेऊन सरांच्या टेबलाशी हजर.

“सर, जरा बोट द्या ना.”

हरेश सरांनी दोन्ही हात पटकन खिशात घातले.