शेवाळराजा आणि मैथू

फाटकाची कडी वाजली. एवढीशी कडी, पण दुपारच्या शांततेत ती घरभर ऐकू गेली. फरशीवर पोटावर पडून चित्र रंगवणारी मैथू थांबली, हातातला खडू तसाच टाकला आणि सरपटत ओट्याखाली, सिलिंडरच्या मागं जाऊन बसली. पद्मजा मेथी निवडत होती. तिला खाली वाकून बघायची गरज वाटली नाही. अशी एकदा वर, एकदा खाली कडी आपटायची सवय घरात एकाच माणसाची होती, आणि पोर भिऊन लपायची ती त्याच माणसाला.

"बाबा आलेत गं," ती नेहमीसारखं म्हणाली. मैथू सिलिंडरमागं आणखी आत सरकली.

आधी असं नव्हतं. सौमित्रची स्कूटर गल्लीच्या तोंडाशी आली की मैथू फाटकावर लोंबकळायची आणि तो तिला पुढं उभी करून गल्लीतच एक चक्कर मारून आणायचा. आता सहा वर्षांची ही पोर बाप घरात असला की भिंतीकडेनं चालते. जेवताना त्याच्या पानाकडं बघत नाही. रात्री तो खोकला तरी आईचा गाऊन मुठीत धरते. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या. राजारामपुरीतल्या डॉक्टरीणबाईंनी चित्रं काढून घेतली आणि वेळ द्या म्हणाल्या. वेळ दिला. पावसाळा सरला, दिवाळी झाली, आणि पोर बापापासून आणखी दोन पावलं लांब गेली.

आणि बाहेर सगळं गाव सौमित्रचं कौतुक करत होतं.

सौमित्र हा चित्रकलेच्या मास्तरांचा पोरगा. कॉलेजात असताना त्यानं मंगळवार पेठेतल्या एका तालमीच्या गणपतीपुढं गुहा बांधली. गोणपाट, काथ्या, चिखल आणि निळे दिवे. आत सांगाडेबिंगाडे काही नाही. एक म्हातारी पाटा-वरवंट्यावर काहीतरी वाटत बसलेली, आणि तिची सावली मात्र तिच्याकडं तोंड करून उभी. लोक रांग लावून यायचे. आत काय आहे ते बघायला लोक यायचे, आणि सौमित्र बाहेर पडणाऱ्यांचे चेहरे बघायला दाराशी उभा राहायचा. पद्मजा त्या गुहेतनं हसत बाहेर आली होती. तो इतका हिरमुसला की तिला वाईट वाटलं, म्हणून ती मैत्रिणींना घेऊन परत आत गेली आणि येताना घाबरल्याचं सोंग केलं. ते सोंग त्यानं ओळखलं. तिथनं त्यांचं जुळलं.

पुढं लग्नाच्या शूटिंगा केल्या, साखरपुड्यांवर ड्रोन उडवले, आणि मधल्या वेळात छोटे-छोटे सिनेमे काढले. अंधारे, ओले, राजे-राण्यांचे, पण कुठल्याच पुस्तकात नसलेल्या राजे-राण्यांचे. लोक त्याला भुताचे पिक्चर म्हणायचे आणि तो चिडायचा. भूत मेलेल्याचं असतं, माझी माणसं मेलेलीच नाहीत, म्हणायचा. शेवटी पेठ वडगावच्या धैर्यशीलदादांनी, ज्यांचा दुधाचा मोठा धंदा, पैशाचं अंगावर घेतलं आणि 'शेवाळराजा' उभा राहिला. धरणाच्या पाण्याखाली एक राज्य गेलंय, तळाशी दरबार अजून भरतोय, आणि राजाला जागं राहायला वरच्या जगातलं एक लेकरू लागतं, अशी ती गोष्ट. ते लेकरू म्हणजे मैथू.

घरच्या पोरीला घ्यायला पद्मजानंच हो म्हटलं होतं. भिण्यासारखं काय होतं त्यात? शेवाळराजा त्यांच्याच गच्चीवर तयार झाला. रबराच्या मुखवट्याला काथ्या चिकटवायला मैथू होती, हिरवा रंग तिनंच निम्मा स्वतःच्या कपाळाला लावून घेतला. आणि ते सोंग घालणार कोण, तर बाळासो. गल्लीतला जुना पैलवान, आता म्हशी राखणारा, मैथूला खांद्यावर बसवून रंकाळ्याला नेणारा.

सौमित्रच्या सेटवर एक शिस्त होती. मुखवटा चढला की आतल्या माणसाला नावानं हाक मारायची नाही. लहानपणी जत्रेत त्यानं बघितलं होतं, कुणाच्या अंगात आलं की घरचेसुद्धा त्याला नावानं हाक मारत नाहीत, कोण आलंय म्हणून विचारतात. ते त्याच्या मनात बसलेलं. पोरं हसायची, पण पाळायची. बाळासो तेवढा चोरून मोडायचा. मैथूनं बघितलं की पाण्याखालनं करंगळी हलवायचा, की ती समजायची, काका हाय.

मलकापूरच्या पुढं, शाहूवाडीच्या डोंगरात एका तळ्यावर शेवटचा शॉट होता. पहाटेचं धुकं ऊन पडेपर्यंतच टिकणार. आणि बाळासोचा गुडघा, कुस्तीत गेलेला, चिखलात परत सटकला. धुकं विरायला लागलं. धैर्यशीलदादा घड्याळ बघत फिरायला लागले. तेव्हा सौमित्रनं बाळासोच्या अंगातनं सोंग उतरवलं आणि स्वतः चढवलं.

"मैथूला सांगू का?" टॉवेल घेऊन बांधावर उभ्या असलेल्या पद्मजानं विचारलं होतं.

"नको. सांगितलंस तर हसंल ती. तिनंच रंगवलाय की तो, भिईल कशाला."

तिलाही ते पटलं होतं. हेच तिला आता पटत नाही.

राजा पाण्यातनं वर आला. मैथूनं करंगळीकडं बघितलं. करंगळी हलली नाही. ती हळूच म्हणाली, बाळासो काका? राजा आणखी जवळ आला. मग ती मोठ्यानं म्हणाली. मग तिनं हाका मारायचं सोडलं आणि तिचा चेहरा असा झाला, की बांधावरची सगळी माणसं गप्प झाली. कुणी हललं नाही. त्या सेटवर 'कट' म्हणायचा हक्क एकाच माणसाचा, आणि तो माणूस मुखवट्याच्या आत. नावानं हाक तर मारायची नाही. कॅमेरावाला थांबण्याची वाट बघत राहिला, साउंडवाला कॅमेरावाल्याची, आणि पद्मजा, पोरीची आई, हातातला टॉवेल पिळत राहिली, कोरडाच. "आई" अशी हाक आली तेव्हा ती पाण्यात उतरली खरी, पण त्याच्या आधी पोर मागं पडली होती आणि राजानं तिला उचललं होतं. तिला शांत करायला म्हणून त्यानं तिथल्या तिथं मुखवटा काढला. आतनं बाबा निघाले. तेव्हा जी किंकाळी फुटली ती सिनेमात नाही, कॅमेरा तोवर बंद झाला होता.

त्या दिवशी संध्याकाळी मुक्कामाच्या खोलीत पोर तापानं फणफणत होती आणि सौमित्र पद्मजाच्या कानाशी कुजबुजत होता, की पद्मा, अगदी लख्ख दिसत होता गं मला तिचा चेहरा, असा चेहरा जन्मात एकदा मिळतो. त्याचे डोळे भरून आले होते. ते आनंदानं होते की कशानं, हे तिनं विचारलं नाही.

तोच चेहरा आता पोस्टरवर होता. परदेशातल्या महोत्सवात लोक त्या शॉटला उभे राहिले म्हणे. भाजी घ्यायला गेलं की बायका विचारायच्या, एवढ्याशा पोरीनं काय ॲक्टिंग केलीया, कुठं शिकवलासा? पद्मजा कोथिंबीर निवडून घ्यायची.

आज सौमित्र एकटा नव्हता. मागनं बाळासो लंगडत आला, खांद्यावर पोतं.

"वैनी, च्या टाका. डायरेक्टरला आज अक्कल आल्या."

सौमित्र हसला नाही. दाढी वाढलेली, डोळे खोल. तो पद्मजाला हळू आवाजात सांगायला लागला, की गाडीत बसून त्यानं विचार केलाय. पोर मुखवट्याला भ्यालीय, तेव्हा तो तिच्या हातात द्यायचा, फाडू दे, तुडवू दे, चुलीत घालू दे. महोत्सववाले तो प्रदर्शनात ठेवायला मागत होते, त्यांना नाही म्हणून सांगितलंय. हे सांगताना तो सारखा ओट्याखाली बघत होता आणि नजर लगेच काढून घेत होता, सोयरीक मोडलेल्या घरी आलेल्या माणसासारखा.

बाळासोनं पोतं उलटं केलं. फरशीवर मुखवटा पडला. पद्मजा पोर आणि मुखवटा यांच्या मध्ये सरकली.

पण मैथू बाहेर आली. सिलिंडरच्या मागनं आधी डोकं, मग सगळीच. मुखवट्यापाशी उकिडवी बसली आणि त्याच्या गालावरनं हात फिरवला.

"काथ्या निघालाय हितला," ती बाळासोला म्हणाली.

"मग लाव की. तुझाच हाय त्यो."

ती डिंकाची बाटली घेऊन आली. मन लावून एकेक दोरा चिकटवायला लागली, जीभ ओठाच्या कोपऱ्यातनं बाहेर. सौमित्रनं पद्मजाकडं बघितलं. किती महिन्यांनी त्याच्या चेहऱ्यावर काही उजळलं होतं. बाळासोनं मुखवटा डोक्यावर चढवला, दुखरा पाय सांभाळत म्हशीसारखा हंबरला, आणि मैथू हसली. खळखळून, पोटातनं हसली. ते हसू पद्मजानं इतक्या दिवसांत ऐकलं नव्हतं. तिनं गॅस बारीक केला, नीट ऐकू यावं म्हणून.

सौमित्रही हसला. हसत हसत पुढं झाला, गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हात पसरले. "मैथू, ये की."

हसू तिथंच तुटलं. मैथू मागं सरली, आणखी मागं, आणि बाळासोच्या पाठीमागं जाऊन त्याचा सदरा तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरला. शेवाळराजा मध्ये उभा होता, हिरवा, ओठ लोंबलेला, आणि पोर बापाला भिऊन त्याच्या आडोशाला लपली होती.

बाळासोला आत काय करावं कळेना. मुखवटा काढावा तर पोर उघडी पडणार. तो तसाच उभा राहिला. सौमित्रचे हात थोडा वेळ पसरलेलेच होते. मग त्यानं ते मांडीवर ठेवले, त्यांच्याकडं बघितलं, उठला आणि जिना चढून गच्चीवर गेला. पाठोपाठ बाळासोनं मुखवटा उतरवून फरशीवर ठेवला, डोळे सदऱ्याला पुसले आणि तोही वर गेला. पद्मजाला वाटलं आपणही जावं. पण कुणाकडं जावं? इथं पोर, वर नवरा, आणि मधलं अंतर काही तिच्यानं जिना उतरून-चढून भरणार नव्हतं. चहा उतू गेला. तिनं फडका घेतला.

मागं खुडबुड झाली म्हणून ती वळली. मैथूनं दोन्ही हातांनी उचलून मुखवटा स्वतःच्या डोक्यात घातला होता. तो तिच्या खांद्यांवर टेकला होता. ती हळूहळू गोल फिरली. आधी खिडकीकडं, मग गॅसकडं, मग आईकडं, आणि थांबली. पद्मजा फडका हातात धरून उभी राहिली. तिच्या मनात एक सोपं खोटं तयार होत होतं, की आत नुसता अंधार असतो बाळा, काही म्हणता काही दिसत नाही.

"आई," आतनं आवाज आला, रबरानं घुमल्यासारखा, "तू दिसतीस की मला हितनं. तुझ्या हातातला फडकापण दिसतोय."

मग तिनं मुखवटा वर उचलला. केस घामानं कपाळाला चिकटलेले. राग नव्हता चेहऱ्यावर, रडू नव्हतं. खरंच न कळलेलं विचारावं तसं तिनं विचारलं,

"मग बाबांना मी कशी काय दिसले नाही?"