अधिक तीन

सकाळी अकराच्या सुमाराला सहावी खोली क्रेनला लटकलेली होती आणि खाली उतरायला जागा नव्हती. चौथ्या मजल्यावर दोन पक्क्या भिंतींच्या मध्ये सहा खोल्या ओळीने बसायच्या होत्या. पाच बसल्या, आणि सहावीसाठी उरलेली जागा तिच्या रुंदीपेक्षा सहा मिलिमीटर कमी भरली. बाकावर पाच जण ऐसपैस बसले की सहाव्याचं जे होतं, तेच.

या खोल्या कारखान्यातूनच तयार होऊन जात. फरशी, खिडक्या, न्हाणीघरातला नळ, अगदी आरशाचा खिळासुद्धा ठोकलेला. साइटवर नुसत्या शेजारी शेजारी मांडायच्या. प्रत्येक खोली बाहेर पडण्याआधी मोजून सही करण्याचं काम जिच्याकडे होतं, तिला सगळे मापबाई म्हणत. चार मिलिमीटर कमी-जास्त चालत असे. एवढं तर लोक माणसांचंही चालवून घेतात.

कारखान्यात साहेबांनी तिला मापांची वही घेऊन बोलावलं.

"नियमात सगळं आहे," ते पानं उलटत म्हणाले. "खालच्या मजल्यांना अधिक एक, अधिक दोन. ते कसेबसे बसले. आणि इथे बघा, सहाही खोल्या अधिक तीन. अहो, एखादी जास्त, एखादी कमी असली की ओळीत फिट्टंफाट होते. तुमच्याकडे इतक्या महिन्यांत एकही कमी नाही! लक्षात नाही आलं तुमच्या?"

तिने वही पाहिली. अक्षर तिचंच होतं, सहीही तिचीच. लिहिल्याचं मात्र आठवेना. भीती वाटायला हवी होती, निदान शरम तरी. काहीच वाटलं नाही. नवरा गेल्याला आठ महिने झाले होते आणि तेव्हापासून हे असंच चाललं होतं. पंधराव्या दिवशी ती कामावर हजर झाली तेव्हा लोक म्हणाले, काय धीराची बाई आहे. धीर कसला, डोंबलाचा! तिच्यापर्यंत काही पोचतच नव्हतं. गार झालेला चहा ती अख्खा पिऊन टाकी आणि गार होता हे तिला कळतही नसे.

"संध्याकाळपर्यंत लेखी द्या," साहेब म्हणाले. "साचा चुकला की माप. दोघांपैकी एकाला घरी बसावं लागेल. वरून तसं सांगितलंय."

साचा सांभाळणारा फिटर म्हणजे तिचे थोरले दीर. एकाच घरात राहायचं, एकाच डब्यातलं जेवायचं आणि एकाच फाटकातून आत यायचं.

ती साच्यापाशी गेली. लोखंडी चौथऱ्याच्या टोकाला स्टॉपर असतो. भिंत त्याला नेऊन टेकवली की खोलीची रुंदी ठरली. तिने त्यावरून बोट फिरवलं तर मध्ये खळगा लागला. भिंती आदळून आदळून तो झिजला होता, आणि जेवढा तो झिजला तेवढी प्रत्येक खोली रुंद होत गेली होती.

"भाऊजी, हा झिजलाय."

"माहितीये." थोरले चिंध्यांना हात पुसत होते. "तीनदा सांगितलं तुला. तिन्ही वेळा 'बरं' म्हणालीस."

"मला आठवत नाही."

"तेही माहितीये."

स्टॉपर बदलायला मापबाईची चिठ्ठी लागे. फिटरने आपल्या मनाने त्याला हात लावायचा नाही, असा तिथला शिरस्ता होता.

"मग साहेबांना का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर म्हणाले असते, मापबाई काय झोपा काढते? काढून टाकलं असतं तुला. घरी बसून काय केलं असतंस, भिंतीकडे बघत?" त्यांनी साच्याच्या कडेवर हात टेकवला. "आज लिहील, उद्या लिहील, असं करत राहिलो. चुकलंच माझं. माझं नाव घाल. एकतीस वर्षं घासली, आता बसतो घरी. तुझी जाऊबाई तेवढी वैतागेल, दिवसभर मी डोक्याशी म्हणून."

बोलले हसतहसत, पण साच्याच्या कडेवरचा हात काही त्यांनी उचलला नाही.

ती टेबलापाशी येऊन फॉर्म भरायला बसली. थोरल्यांचं नाव लिहिणं अगदी सोपं होतं. ते तक्रार करणार नव्हते, आणि तिला नवऱ्याचे कपडे टांगलेल्या खोलीत दिवसच्या दिवस काढावे लागणार नव्हते. तरी तिने जबाबदार व्यक्ती म्हणून स्वतःचं नाव लिहिलं. खाली कारणाचा रकाना होता. त्यात तिने लिहिलं, 'साच्याचा स्टॉपर झिजल्याचं मला सांगितलं होतं. मी लक्ष दिलं नाही. नवरा वारला.'

साहेबांनी दोनदा वाचलं.

"वाईटच झालं हो. पण शेवटचं वाक्य इथे चालत नाही. साच्यातला दोष, यंत्रातला दोष किंवा दुर्लक्ष, एवढंच लिहायचं."

"बरं," ती म्हणाली.

साहेबांनी पट्टी ठेवून ते दोन शब्द लाल शाईने खोडले, अगदी सरळ रेघ मारून. ती रेघ बघताना तिच्या छातीत कळ आली, खरीखुरी, आणि ती घाबरली. आठ महिन्यांत पहिल्यांदाच काहीतरी दुखत होतं.

उद्यापासून यायचं नव्हतं. तिने स्टॉपर बदलण्याची चिठ्ठी लिहिली, सही केली आणि साच्यापाशी जाऊन थोरल्यांच्या हातात दिली. ते चिठ्ठी वाचायला लागले.

"भाऊजी," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "तुमचा भाऊ गेला हो."

ही बातमी आठ महिन्यांपूर्वी हॉस्पिटलातून फोन करून तिला त्यांनीच दिली होती. आता मात्र ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखे ते साच्याच्या कडेवर मटकन बसले, आणि तिच्याआधी तेच रडू लागले.